पावडर बसेपर्यंत हसायचं नाही

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या आमच्या गल्लीत अर्ध्या तोंडाला पांढरा रंग लावून कढीपत्ता आणायला जाणारा माणूस एकच होता, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा घरमालक होता. दुर्दैवाने असं मी पहिल्या आठवड्यापुरतंच म्हणते.

सांगलीहून निघून, दोन गाड्या बदलून, दोन बॅगा आणि आईने दिलेला चटण्यांचा डबा सांभाळत मी त्या दारात उभी राहिले तेव्हा दार उघडलं ते साठी उलटलेल्या एका गृहस्थांनी. अंगात पांढरं बनियन, खाली लुंगीसारखी गुंडाळलेली वेष्टी, डावा गाल चुन्यासारखा पांढरा आणि डावी भुवई केसांपर्यंत चढलेली. उजवी बाजू मात्र चारचौघांसारखी, कपाळावर गंधाची बारीक उभी रेघ. मी चुकीच्या घरी आले असं वाटून मागे सरकले.

"ये, ये. सांगलीची पोर नव्हे? भाडं, नियम, अस्कं मामी सांगेल," ते म्हणाले. "आधीं हसून दाखव."

मी प्रवासाने आंबले होते, पण घर हवं होतं. हसले. ते दोन पावलं पुढे आले, मान वाकडी करून पाहिलं आणि मागे वळून आत ओरडले, "अगे, आली. पण पासपोर्टचं हसणं घेऊन आली."

गल्ली त्यांना रावजी म्हणायची. तंजावरकडच्या मराठी माणसाला तमिळ लोक सरसकट रावजीच म्हणतात, त्यामुळे पत्राच्या पेटीवरचं त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. त्यांच्या पत्नीला मी सगळ्यांसारखं मामी म्हणायला लागले. त्यांचं मराठी ऐकताना मला पहिले काही दिवस जुन्या पोथीतलं कुणीतरी माझ्याशी कॉफीबद्दल बोलतंय असं वाटायचं. मी 'येते' म्हणायची, ते 'येतों' म्हणायचे. मी 'छान' म्हणायची, ते 'बेष'. माझं मराठी त्यांना घाईचं वाटायचं. "तुम्ही तिकडचे लोक शब्द गिळतां," मामी म्हणायची. "जेवण तरी चावून खातां कीं नाही?"

रावजींनी तीस वर्षं बँकेत सह्या तपासल्या. चेकवरची सही आणि कार्डावरची सही समोरासमोर धरायची आणि खरी की खोटी ते सांगायचं, एवढंच काम. त्या तीस वर्षांतून त्यांनी एकच सिद्धांत बाहेर काढला होता, आणि तो ते दुधवाल्यालाही ऐकवायचे.

"खोटी सही कशी ओळखायची ठाव आहे? ती जास्त सुबक असते. खरा माणूस सही करतांना घाईंत असतो, खोटा माणूस काळजींत असतो. हसण्याचंही तेंच."

विदूषकाचा चेहरा रंगवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग नव्हता. तो बँकेतच सुरू झाला होता. बँकेच्या स्नेहसंमेलनात नाटक होतं आणि विदूषक व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून यांना बसवलं. भाड्याने आणलेल्या रंगवाल्याने यांच्या तोंडाला भराभर पांढरं फासलं, कानापासून कानापर्यंत लाल ओठ काढले, नाकावर लाल गोळा चिकटवला आणि ढकललं स्टेजवर. कुणी हसलं नाही. पण ते त्यांना लागलं नव्हतं. नाटक संपल्यावर ते त्याच तोंडाने आपल्या तीन वर्षांच्या मुलीला उचलायला गेले आणि पोर अशी किंचाळली की मामीला तिला घेऊन बाहेर जावं लागलं. घरी येऊन तोंड धुतल्यावरही ती जवळ येईना.

"दोन दिवस," रावजी दोन बोटं दाखवायचे. "दोन दिवस माझ्या पोरीनें मज ओळखलं नाही."

ती मुलगी आता परदेशात आहे, तिला स्वतःची दोन मुलं आहेत, आणि व्हिडिओ कॉलवर वडिलांना "अप्पा, आज कुठला रंग?" असं विचारते. पण रावजींच्या मनातली ती दोन बोटं काही खाली आली नव्हती.

त्या दोन दिवसांतून त्यांचा पहिला नियम निघाला. विदूषकाने रंगून येऊ नये, पोरांच्या समोर बसून रंगावं. माणूस म्हणून आत जायचं, स्टुलावर बसायचं, आरसा धरायचा आणि एकेक रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत काढायची, म्हणजे पोराला कळतं की आतला आजोबा कुठे गेलेला नाही. दर शनिवारी दुपारी ते आणि त्यांनी गल्लीतून गोळा केलेले आम्ही चार-पाच जण एका मुलांच्या हॉस्पिटलात जायचो, तेव्हा हॉस्पिटलच्या दारात आम्ही अगदी विम्याचे एजंट वाटावेत असे साधे असायचो.

दुसरा नियम, तीन रेघा. वॉर्डातल्या मुलांना अख्खं पांढरं तोंड नको असतं, ती आधीच पांढऱ्या कोटांना घाबरलेली असतात. म्हणून गालावर थोडं पांढरं आणि त्यावर तीन रेघा. "चवथ्या रेघेनें परवानगी मागावी," असं ते म्हणायचे, आणि त्या चौथ्या रेघेला त्यांनी कधी परवानगी दिल्याचं मला आठवत नाही.

तिसरा नियम सगळ्यांत कठीण होता. पावडर बसेपर्यंत हसायचं नाही. चेन्नईच्या दमट हवेत रंग लावणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना देणं. आधी बर्फाचं फडकं तोंडावर फिरवायचं, मग पांढरा लेप बोटाने घासून नाही, थोपटून लावायचा, आणि मग पावडर. पावडरीसाठी रावजींकडे बँकेच्या दिवसांतला एक पांढरा पायमोजा होता. त्यात लहान मुलांची पावडर भरून तोंडाला गाठ मारलेली. त्या मोज्याने गालावर हलके धपके द्यायचे, मग पंख्याखाली दहा मिनिटं दगडासारखं बसायचं. तेवढ्यात हसलात तर रंगाला भेगा पडतात आणि सगळं पुसून पहिल्यापासून.

मामी नेमकी त्या दहा मिनिटांत बाहेर यायची. तिला काही काम नसायचं. ती गंभीर तोंडाने सांगायची की समोरच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींनी आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये पायजमा उलटा घातला होता आणि शेवटी आभार मानायला उभे राहिले तेव्हा नाडी पाठीमागे लोंबत होती. एवढं सांगून ती आत निघून जायची. आम्ही पाचजण डोळ्यांत पाणी आणून छताकडे बघत बसायचो. रावजींचं नाक थरथरायचं, पण ते कधी फुटले नाहीत. मी त्यांच्या घरात राहिले तेवढ्या काळात ते फक्त एकदाच फुटले, आणि तेच सांगायला मी इतका वेळ प्रस्तावना करते आहे.

पण आधी करवंट्या.

प्रत्येक माणसाचं विदूषकी तोंड वेगळं असतं आणि दुसऱ्याचं तोंड घेणं म्हणजे दुसऱ्याची सही करणं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते प्रत्येकासाठी चेहरा 'शोधायचे' आणि सापडला की नारळाच्या करवंटीवर रंगवून ठेवायचे. करवंटीलाच मुळात तोंड असतं, कागदाला नसतं, एवढं कारण त्यांना पुरे होतं. व्हरांड्यात कपडे वाळत घालायच्या दोरीला अशा वीस-पंचवीस करवंट्या लटकत असायच्या आणि समुद्रावरचा वारा सुटला की एकमेकींवर टकटक आपटायच्या. माझे कुर्ते त्यांच्यामध्येच वाळायचे.

चेहरा शोधण्याची त्यांची रीत म्हणजे माणसाकडे टक लावून बघणं. टी. नगरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी एकदा समोरच्या बाईंकडे इतका वेळ पाहिलं आणि हवेत बोटाने इतक्या रेघा काढल्या की त्या बाईंनी कंडक्टरला हाक मारली. कंडक्टर आला. रावजी हात जोडून तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, रागावूं नका, तुमचं हसणं डाव्या नाकपुडींत सुरू होतं, हें तुम्हांस कुणी सांगितलं नसेल." आणि त्या बाई हसल्या. डाव्या नाकपुडीत सुरुवात झाली. अख्ख्या बसने पाहिलं. आम्ही उतरेपर्यंत कंडक्टर रावजींना स्वतःच्या नाकपुड्या दाखवत होता.

आम्ही त्या दिवशी लाल रंग आणायला निघालो होतो. टी. नगरमध्ये भरतनाट्यमचे दागिने, घुंगरं आणि रंग विकणारं एक अरुंद दुकान आहे. तिथला मालक रावजींना पाहिलं की खुर्चीतून अर्धवट उठायचा, आदराने नव्हे, पळून जाण्यासाठी. "हा लाल देवीचा आहे, मज मनुष्याचा दे," असलं काहीतरी ते मागायचे आणि सात-आठ डब्या उघडायला लावून स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टे ओढायचे. परतताना बसमधली माणसं आम्हाला न सांगता जागा द्यायची.

माझं काम रंगाचंच होतं. श्रीपेरुम्बुदूरकडच्या गाड्यांच्या कारखान्यात मी पेंट शॉपमध्ये गुणवत्ता तपासायची. बॉनेटवर ओघळ आलाय का, दाराचा आणि बंपरचा रंग जुळतो का, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा तर नाही ना. हे ऐकून रावजींना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी मला लगेच ब्रश दिला. मी एका कॉलेजातल्या पोराचा गाल रंगवला, थर एकसारखा, कडा धारदार, दोन्ही बाजू तंतोतंत. रावजींनी तो गाल खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला.

"बेष. आतां ह्याला रजिस्ट्रेशन नंबर लाव."

तेव्हापासून माझ्याकडे मोजा भरण्याचं आणि आरसा धरण्याचं काम आलं. इतर सगळ्यांना दोन-तीन आठवड्यांत आपापली करवंटी मिळाली. माझी मात्र दोरीच्या टोकाला कोरी लटकत राहिली. एक महिना, तीन महिने, आठ महिने. मी विचारलं की ते म्हणायचे, "तुझं हसणं अजून कंपनीच्या बसमधून उतरलं नाहीं, अम्मा." मी हसण्यावारी न्यायचे, पण खरं सांगते, मला ते लागायचं. परक्या गावात माणूस चटकन रुसतो. पहाटे साडेपाचला कंपनीची बस पकडायला जाताना ती कोरी करवंटी डोक्याला लागायची, आणि मी तिला एक टपली मारून पुढे जायचे.

एका बुधवारी मी कामावरून परतले तर मामी जिन्यातच उभी होती. सकाळी रावजींनी चूळ भरली तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. कॉफी घेतली तर वेष्टीवर सांडली. त्यांनी आरशात पाहिलं आणि मामीला हाक मारली, पण 'मामी'तला 'म' नीट निघाला नाही. चेहऱ्याची डावी बाजू पडली होती. भुवई उठत नव्हती, डोळा मिटत नव्हता, गाल लोंबत होता. मामीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची एक नस सुजली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या घ्या, डोळा उघडा राहतो तर त्यावर पट्टी लावा, बहुधा परत येईल. कधी, ते सांगता येत नाही. वेळ लागेल.

मी आत गेले तेव्हा ते खुर्चीत पाठमोरे बसले होते. व्हरांड्यातली त्यांची स्वतःची करवंटी भिंतीकडे तोंड करून टांगली होती. मला हे बघवलं नाही. ज्या माणसाने गल्लीतल्या प्रत्येकाचं हसणं कुठून सुरू होतं ते पाठ केलं होतं, त्याचं स्वतःचं अर्ध्यात थांबलं होतं.

त्या शनिवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. वॉर्डात पोरं विचारायची, "ताता एंगे?" आजोबा कुठे? खिडकीजवळच्या खाटेवर सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. मांडीचं हाड मोडलेलं, पाय कमरेपर्यंत प्लास्टरात. तिला तर उठून बाकीच्या खेळांत जाताही येत नव्हतं, तिचा सगळा शनिवार म्हणजे रावजी. आम्ही चौघांनी मिळून तिला हसवण्याचा घाम निघेपर्यंत प्रयत्न केला. ती सभ्यपणे हसली. पासपोर्टचं हसणं.

घरी येऊन मी ठरवलं की हा प्रश्न माझ्या खात्याचा आहे. एका बाजूचं पॅनेल बसलंय, दुसऱ्या बाजूशी जुळवायचं, झालं. रविवारी सकाळी मी रावजींना जबरदस्तीने पंख्याखाली बसवलं, चक्क शिवणाची टेप घेतली, उजव्या बाजूचं हसू नाकापासून किती अंतरावर आणि किती वर जातं ते मोजलं, आणि डाव्या गालावर तसंच्या तसं हसू काढलं. दोन तास लागले. काम इतकं चोख झालं की कारखान्यात मला त्याबद्दल शाबासकी मिळाली असती. मी आरसा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"सुबक आहे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग खोटी सही आठवली, आणि मी आरसा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि मामीसमोर रडले. मामी वाटण वाटत होती. तिने मिक्सर बंद केला.

"तुला काय वाटतं, त्यांस वांकड्या तोंडाची लाज वाटते?" ती म्हणाली. "बँकेच्या नाटकांत तीन वेळां पडून दांत तोडून घेतले ह्या माणसानें, तेव्हां नाहीं लाज वाटली. त्यांस पोरांपुढें उघडं तोंड घेऊन बसायचं आहे. रंगण्याआधीं. तेव्हां एखादं पोर किंचाळलं तर?" आणि तिने दोन बोटं वर केली, रावजी करायचे तशीच. मग पदराने हात पुसून म्हणाली, "ह्या शनिवारीं मीही येतें. बघूं कसे येत नाहींत ते."

इतक्या वर्षांत मामी कधी वॉर्डात आली नव्हती. शनिवारी तिने कांजीवरम नेसली, केसांत गजरा माळला, जणू कुणाचं लग्न आहे. तिच्यापुढे रावजींचं काय चालणार? ते आले. पण तोंडावर हॉस्पिटलात घालतात तसला निळा मास्क लावून आले. डोळ्यावर कापसाची पांढरी पट्टी आणि खाली मास्क, म्हणजे चेहऱ्याचं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं.

नेहमीसारखे ते स्टुलावर बसले. पोरं खाटांवर पुढे सरकून बसली. मी आरसा धरला. रावजींनी बर्फाचं फडकं हातात घेतलं, आणि हात तिथेच राहिला. मास्क काढल्याशिवाय पुढे काही होणार नव्हतं. मामी दारापाशी उभी होती आणि तिने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं, हे मला आरशाच्या कडेतून दिसलं.

प्लास्टरवाल्या मुलीला उशीर खपत नव्हता. "ताता, मास्क कळट्टुंग," ती म्हणाली. काढा की!

रावजींनी काढला.

दुसऱ्या खाटेवरच्या लहानग्याने उशीत तोंड लपवलं. रावजींची उजवी बाजू हसायला बघत होती आणि डावी जागची हलत नव्हती, आणि ती ओढाताण, मी खोटं कशाला सांगू, भीतीदायक दिसत होती.

"एन्न आच्चु?" मुलीने डाव्या गालाकडे बोट केलं. त्याला काय झालं?

तिने विचारलं ते रावजींना, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीच बोलले. माझं तमिळ त्या वेळी बस, भाजी आणि जेवण एवढ्यापुरतं होतं. नस, सूज, गोळ्या यातला एकही शब्द मला येत नव्हता. जो आला तो बोलले.

"तूंगुदु," मी म्हटलं. झोपलाय.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. रावजींच्या गालाकडे पाहिलं. मग तिने ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्या वॉर्डाकडे वळून म्हणाली, "श्श्!"

उशीत लपलेला लहानगा वर आला आणि त्यानेही बोट ठेवलं. बघता बघता दहा-बारा पोरं ओठांवर बोट ठेवून, श्वास रोखून, रावजींचा डावा गाल उठू नये म्हणून बसली.

मी आरसा एका पोराच्या हातात दिला, रावजींच्या उजव्या गालावर थोडं पांढरं थोपटलं आणि ब्रश घेतला. विचारायला थांबले नाही. डोळ्यावरच्या कापसाच्या पट्टीवर मिटलेल्या पापणीची एक काळी कमान काढली. तिच्याखाली लांब पापण्या. मोजलं काहीच नाही, पट्टी खडबडीत होती, ब्रश अडखळत होता, रेघ वाकडी गेली.

"किती झाल्या?" रावजींनी कुजबुजत विचारलं.

"दोन."

"तिसरी?"

मी तोंडाच्या डाव्या कोपऱ्याखाली, जिथून त्यांची कॉफी सांडली होती तिथेच, लाळेचा एक निळा थेंब काढला. ते आरशात बघत नव्हते. उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते, टक लावून, बसमध्ये बघायचे तसे. प्लास्टरवाली मुलगीही माझ्याकडे बघून खुदखुदत होती. मला वाटलं काम बिघडलं.

मग त्यांनी आरसा घेतला. झोपलेल्या अर्ध्या तोंडाकडे पाहिलं. उजवी भुवई हळूहळू वर चढली, जागं असलेलं अर्धं तोंड झोपलेल्या अर्ध्याकडे असं काही संशयाने बघायला लागलं की विचारू नका. मी घाईघाईने मोजा उचलून पावडरीचा पहिला धपका दिला, आणि त्याच क्षणी रावजी फुटले. तीस वर्षांचा नियम मोडून, ओल्या रंगात, अर्ध्या तोंडाने, फसफसत हसले. उजव्या गालावरच्या पांढऱ्या रंगाला शंभर भेगा पडल्या.

"पावडर!" दारातून मामी ओरडली. "अहो, पावडर!"

आणि मग ती स्वतःच हसता हसता भिंतीला टेकली आणि गजऱ्यातली फुलं जमिनीवर पडली. पोरांनी तिला 'श्श्' करून दटावलं.

त्यानंतरचे शनिवार म्हणजे मजा होती. आठवडाभर गल्लीत, घरात, दुकानात रावजी बिनामास्कचे फिरायला लागले. भाजीवाल्याने विचारलं तर ऐटीत सांगायचे, "अर्धा रजेवर आहे." वॉर्डातला कार्यक्रम ठरून गेला. जागा अर्धा झोपलेल्या अर्ध्याला उठवायचा प्रयत्न करणार, टिचक्या मारणार, कानात गाणं म्हणणार, आणि पोरं कधी "श्श्" करणार तर कधी "एळुंदिरु!" ऊठ म्हणून गलका करणार. प्लास्टरवाली मुलगी प्रत्येक वेळी शेवटी त्यांना जवळ बोलवायची आणि पट्टीवर हळूच फुंकर घालायची. उठला नाही की म्हणायची, "अडुत्त वारम." पुढच्या आठवड्यात.

आणि एका सकाळी रावजी माझ्या दारावर थापा मारत आले. चेहरा रागाने लाल.

"बघ! बघ हें!" त्यांनी डाव्या ओठाचा कोपरा मला दाखवला. तो हलला. अगदी किंचित, पण हलला. डोळाही मिटत होता.

मी आनंदाने किंचाळले. ते वैतागले. "तुज हसायला काय होतं? आतां शनिवारीं काय करूं? बेष चाललं होतं, आणि हा आळशी आतांच उठतो!"

आठवडाभर त्यांनी ही बातमी गल्लीपासून लपवली. भाजीवाल्यापुढे मुद्दाम गाल पाडून उभे राहायचे. कारण त्या मुलीचं प्लास्टर निघालं होतं आणि घरी जाण्याआधीचा तिचा वॉर्डातला शेवटचा शनिवार येत होता. पट्टीची गरज संपलेली असताना ते पट्टी लावून वॉर्डात गेले. मी पापणी काढली, थेंब काढला. शेवटी ती मुलगी काठीच्या आधाराने, स्वतःच्या पायांनी, स्टुलापर्यंत आली आणि तिने फुंकर घातली.

रावजींनी पट्टी हळूच सोलली. आतला डोळा उघडा होता. त्याने एकदा, दोनदा पापणी मिटून दाखवली, आणि मग ओठाचा डावा कोपरा, धापा टाकत जिना चढावा तसा, वर गेला.

पोरं अशी ओरडली की खालच्या मजल्यावरून नर्स धावत आली आणि तिने आम्हा सगळ्यांना, रावजींसकट, झापलं. मुलगी मात्र ओरडली नाही. तिने शांतपणे मान हलवली. आपण उठवला, यात तिला नवल वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी पुण्याला बदली झाली. निघताना मामीने सांबार पूड, तांदळाचे वडाम-सांडगे आणि असंख्य सूचना बांधून दिल्या. रावजींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. "येथें उघडूं नको. मज रडणारं तोंड बघायचं नाहीं, त्याचा आकार मज जमत नाहीं."

पुण्यात आल्यावर उघडलं. माझी करवंटी. पण तिच्यावर डोळे नाहीत, भुवया नाहीत, पांढरा रंगसुद्धा नाही. नुसती तपकिरी करवंटी, आणि जिथे तोंडाचा डावा कोपरा यायचा तिथे एकच गुलाबी ठिपका, बाहेर डोकावणारा, जिभेच्या टोकासारखा. इतरांना तीन-तीन रेघा आणि मला ठिपका! मला भयंकर राग आला. मी लगेच फोन लावला.

"रावजी, ही काय थट्टा? हे माझं तोंड?"

"त्या दिवशीं वॉर्डांत माझा डोळा काढत होतीस, तेव्हां पाहिलं. आठ महिने शोधत होतों," ते म्हणाले. 'म' आता अगदी स्वच्छ निघत होता. "टेप न घेतां कांहीं तरी कर आणि आरशांत बघ." आणि फोन ठेवून दिला.

मी फुरंगटूनच बसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकीचं लग्न होतं, निघायची घाई. आरशासमोर वाकून डोळ्यात काजळ घालत होते. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून श्वास रोखलेला. सहज नजर खाली गेली.

जीभ बाहेर होती. डाव्या कोपऱ्यातून, एवढीशी.